पक्षांची नावे झाकून वाचलेला लेख

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नाभोवतीची निघाली. राजकारणाचे पारडे फिरल्यानंतर जुन्या राजकीय लेखाकडे कसे पाहावे, त्याची किंमत कशी करावी आणि तो पुन्हा छापायचा झाल्यास काय पथ्य पाळावे, असा तो प्रश्न आहे. चारही पत्रे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतूनच यावीत, याचे मला आश्चर्य वाटले नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत इथल्या उमेदवारांनी आणि चिन्हांनी जेवढ्या जागा बदलल्या, तेवढ्या क्वचितच कुठे बदलल्या असतील.

प्रश्न : आमच्या वाचनालयात दर महिन्याला काही सभासद जमून जुन्या लेखांचे वाचन करतात. या वेळी मे २०१४ मधील एका स्थानिक साप्ताहिकाचे कात्रण निघाले. सांगली लोकसभा मतदारसंघात काँग्रेसचा पराभव झाल्यावर लगेच लिहिलेल्या त्या लेखात तीन गोष्टी म्हटल्या होत्या. वसंतदादा घराण्याचे राजकारण संपले, ही पहिली. मोदी लाटेने शेवटचा धक्का दिला असला तरी काँग्रेसमधील वसंतदादांचा दादा गट आणि पतंगराव कदमांचा कदम गट यांच्या जुन्या वैराने पाया आधीच पोखरला होता, ही दुसरी. आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना रखडल्यामुळे पूर्व भागातील तालुके सत्ताधाऱ्यांवर रुष्ट होते, ही तिसरी. २०२४ मध्ये वसंतदादांचे नातू विशाल पाटील निवडून आल्यामुळे हा लेख हास्यास्पद ठरला, असे काही सभासद म्हणतात. त्या वेळच्या परिस्थितीत तो बरोबरच होता, असे इतरांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, विटा

उत्तर : आपल्या सभासदांच्या दोन्ही बाजू संपूर्ण लेख म्हणजे जणू एकच विधान आहे असे धरून निकाल देत आहेत, आणि तिथेच माझा दोघांशी मतभेद आहे. आपण दिलेल्या सारांशावरून त्या लेखात एक भाकीत आहे आणि दोन कारणे आहेत. भाकीत खोटे ठरले म्हणून कारणे खोटी ठरत नाहीत. उलट या लेखाच्या बाबतीत असे झाले आहे की ज्या निकालाने त्याचे भाकीत मोडले, त्याच निकालाने त्याचे एक कारण खरे ठरवले.

भाकिताचा विचार आधी उरकून घेऊ. सांगली लोकसभा मतदारसंघ १९६२ पासून २०१४ पर्यंत काँग्रेसकडे होता, आणि १९८० नंतरचा जवळजवळ सर्व काळ तो वसंतदादांच्या घरातच राहिला. स्वतः वसंतदादा, शालिनीताई, प्रकाशबापू, मदन पाटील आणि प्रतीक पाटील असा तो क्रम आहे. संजयकाका पाटील यांनी २०१४ मध्ये सुमारे २ लाख ४० हजारांच्या मताधिक्याने तो मोडल्यावर त्याच आठवड्यात लिहायला बसलेल्या माणसाला सगळे संपले असे वाटणे स्वाभाविक होते. मात्र भाकीत मोडले कसे, हेही नीट पाहायला हवे. २०१९ मध्ये आघाडीने ही जागा स्वाभिमानी पक्षाला सोडली आणि विशाल पाटील 'बॅट' या चिन्हावर लढून पराभूत झाले. त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांनी सुमारे ३ लाख मते घेतली होती. २०२४ मध्ये जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली, महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील उमेदवार झाले, आणि विशाल पाटील अपक्ष म्हणून 'लिफाफा' हे चिन्ह घेऊन सुमारे १ लाखाच्या फरकाने निवडून आले. म्हणजे २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत सांगलीच्या मतपत्रिकेवर हाताचा पंजा नव्हताच. घराणे परतले हे खरे, परंतु २०२४ च्या निकालाचा आधार घेऊन काँग्रेस परतली असे म्हणणारा सभासदही २०१४ च्या लेखकाइतकीच घाई करत आहे.

आता वैराकडे वळू. माझ्या मते त्या लेखातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी कदम गटाचे नेते विश्वजित कदम यांनी ही जागा काँग्रेसला आणि पर्यायाने विशाल पाटलांना मिळावी म्हणून उघडपणे धडपड केली. ती मिळाली नाही, पण दोन गटांतील अंतर त्या काही महिन्यांपुरते तरी मिटल्याचे जिल्ह्याने पाहिले, आणि निकाल काय लागला हे आपण जाणताच. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सांगली विधानसभेला काय झाले? काँग्रेसचा अधिकृत उमेदवार एकीकडे आणि वसंतदादांच्याच घरातील जयश्रीताई पाटील अपक्ष म्हणून दुसरीकडे, अशी लढत झाली आणि भाजपचे सुधीर गाडगीळ सलग तिसऱ्यांदा विजयी झाले. पराभवाचे सारे खापर त्या फुटीवर फोडता येणार नाही, कारण त्या वेळी राज्यभर वारेच महायुतीचे होते. तरीही गट जुळला तर एक निकाल आणि फुटला तर दुसरा, हे जे त्या लेखकाने २०१४ मध्ये हेरले होते, त्याला पुढील दहा वर्षांनी दोन्ही बाजूंनी पुरावा दिला. 'हास्यास्पद' म्हणणाऱ्या सभासदांना हा भाग पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

पाण्याविषयी आपल्याला विट्यात बसून अधिक कळते, तरी संदर्भ म्हणून थोडे लिहितो. कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले आणि मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असे ठरवले. त्यामुळे त्या मुदतीपूर्वी आपला वाटा अडवण्याची घाई निर्माण झाली. १९९५ मध्ये अपक्ष आमदारांच्या पाठिंब्यावर शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, त्या अपक्षांत सांगली जिल्ह्यातील आमदारही होते, आणि १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. अर्थात या योजनांना राजकीय वेग मिळाला तो मुळी पक्षनिष्ठेपेक्षा पाण्याला महत्त्व देणाऱ्या माणसांच्या हातून. खानापूर-आटपाडीचे दिवंगत आमदार अनिल बाबर राष्ट्रवादीतून शिवसेनेत आणि २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, परंतु प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या भाषणाचा विषय टेंभूच राहिला. पाणी पोहोचल्यावर भांडण रखडलेल्या कालव्यावरून वीजबिलाच्या वाट्यावर आले, आणि ८१ टक्के शासनाचे तर १९ टक्के शेतकऱ्यांचे, असे सूत्र त्यातून निघाले. २०१४ च्या लेखातील हे कारण आज जसेच्या तसे लागू होणार नाही, कारण योजना तेव्हाइतक्या अपुऱ्या राहिलेल्या नाहीत. मात्र खासदार-आमदारांना पूर्व भाग पाण्यावरून जोखतो, हे निरीक्षण टिकले आहे.

आपल्या मंडळासाठी एक सोपी कसोटी सुचवतो. जुना राजकीय लेख वाचताना त्यातील पक्षांची नावे झाकावीत आणि उरलेला मजकूर पाहावा. तासगावचे उदाहरण घ्या. संजयकाका पाटील राष्ट्रवादीचे विधान परिषद सदस्य होते, २०१४ मध्ये भाजपचे खासदार झाले, मे २०२४ मध्ये भाजपकडून लढले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाकडून तासगाव-कवठेमहांकाळमध्ये उभे राहून आर. आर. आबांचे चिरंजीव रोहित पाटील यांच्याकडून पराभूत झाले. या दहा वर्षांत 'तासगावात भाजपचे बळ वाढले' किंवा 'राष्ट्रवादीचा गड ढासळला' असे ज्यांनी लिहिले, त्यांचे लेख एकेका निवडणुकीनंतर शिळे होत गेले. आबा गट आणि काका गट यांची गावोगावची मांडणी, सोसायट्या, बाजार समिती आणि कारखाना यांवर ज्यांनी लिहिले, त्यांचे लेख आजही माहिती देतात. त्या लेखांतली नावे झाकली तरी वाक्ये उभी राहतात.

ही कसोटी सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील आठही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि कराड उत्तरमध्ये बाळासाहेब पाटील एकाच दिवशी पराभूत झाले. याचा उलगडा गावपातळीवरच्या गटांतून पूर्णपणे होत नाही. तिथे पक्षाचे नाव, सत्ता आणि राज्यभरचे वारे यांचा हिशेब मांडावाच लागतो, आणि ती नावे झाकली तर लेखाचा गाभाच हरवतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी राज्याच्या राजकारणाच्या टिपणांचा अभ्यास करताना मला ऑक्टोबर २०१९ मधील एक लेख मिळाला. शरद पवारांच्या पावसातील सभेनंतर आणि पोटनिवडणुकीच्या निकालानंतर लिहिलेल्या त्या लेखाचा निष्कर्ष असा होता की 'सातारा पक्ष बदलणाऱ्याला क्षमा करत नाही'. परंतु २०२४ मध्ये उदयनराजे भोसले भाजपकडूनच निवडून आले. मग मुलाखतीत हा मुद्दा निघाल्यास मी काय उत्तर द्यावे?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : त्या लेखातील घटना सांगावी आणि त्याने काढलेला नियम सोडून द्यावा. उदयनराजे मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून सुमारे १ लाख २६ हजारांच्या फरकाने विजयी झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, १८ ऑक्टोबरला जिल्हा परिषदेच्या मैदानावर पवारांनी भर पावसात भाषण केले, आणि २१ तारखेच्या मतदानात राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. एवढ्या घटनांवरून त्या ऑक्टोबरचा राग समजतो. तो सातारकरांचा कायमचा स्वभाव आहे असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि लेखकाने मागील इतिहास तपासला असता तर ते त्याच्या तेव्हाच लक्षात आले असते. हेच उदयनराजे १९९८ च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या उमेदवारीवर विधानसभेत गेले होते आणि युती सरकारात महसूल राज्यमंत्री होते. १९९९ मध्ये ते पराभूत झाले आणि २००९ मध्ये राष्ट्रवादीकडून लोकसभेत पोहोचले. शिवाय १९९६ मध्ये याच मतदारसंघाने शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून दिले होते. सातारा एका पक्षाचा बालेकिल्ला आहे, हे गृहीतकच त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

२०२४ च्या निकालावरूनही उलटा नियम काढू नये. उदयनराजेंचे मताधिक्य ३२,७७१ होते, आणि ज्याला लोक पिपाणी म्हणतात ते चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांच्या घरात मते पडली. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे शरद पवार गटाचे उमेदवार शशिकांत शिंदे यांचे चिन्ह आणि ही पिपाणी यांत मतदारांचा गोंधळ झाला, असे शरद पवार गटाचे म्हणणे आहे. ते सर्व मतांच्या बाबतीत सिद्ध करता येणार नाही, तरीही आकडेच असे आहेत की 'सातारकरांनी क्षमा केली' असे ठामपणे लिहिणारा माणूस २०१९ च्या लेखकाचीच चूक दुसऱ्या दिशेने करत आहे. मुलाखतीत हे दोन्ही आकडे शांतपणे सांगितले तरी पुरे. मुलाखत मंडळातील कोणाचा राजकीय कल काय असेल, याचा विचार करून उत्तर वळवू नये. तो ओळखण्यात उमेदवार बहुधा फसतात.

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांनी १९७८ ते १९८४ या काळात कराडहून नियतकालिकांत लिहिलेले राजकीय लेख आम्ही पुस्तकरूपाने छापणार आहोत. यशवंतराव चव्हाणांविषयी त्यांत कडक वाक्ये आहेत. १९८० मधील एका लेखात, साहेबांचे राजकारण आता मागे पडले असून त्यांनी निवृत्त व्हावे, असे म्हटले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना वाटते की आज असे वाक्य कराडात छापणे बरे दिसणार नाही आणि ते सौम्य करावे. आपला सल्ला हवा.
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, ते वाक्य सौम्य करू नये. कारण देताना मी आपल्याला आपल्याच गावातील एक दृश्य आठवायला सांगतो. दरवर्षी २५ नोव्हेंबरला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपुढे नतमस्तक व्हायला सत्तेतले आणि विरोधातले सगळे नेते येतात, आणि एकमेकांवर टीका करायलाही बहुतेकांना तीच जागा सापडते. आजच्या वाचकाला या दृश्यावरून वाटेल की साहेबांना असा मान कायमच होता. १९८० मध्ये तो नव्हता. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान अशी पदे भूषवलेला हा नेता जानेवारी १९८० मध्ये साताऱ्यातून निवडून आला खरा, परंतु महाराष्ट्रातून त्यांच्या, म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या, काँग्रेसचा तो एकटाच खासदार होता. पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या वडिलांचे कडक वाक्य हा त्या एकाकी वर्षांचा पुरावा आहे. ते पुसले तर पुस्तकात १९८० साल राहणार नाही, फक्त आजचा आदर राहील, आणि तो तर सर्वत्र उपलब्ध आहे.

वाक्याचा अर्थ काळाबरोबर किती पालटतो, याचे उदाहरण यशवंतरावांच्या स्वतःच्या भाषणातच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या काळात फलटण येथे त्यांनी, नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंची बाजू घेऊ, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या एका विधानासाठी त्यांना अतोनात टीका सोसावी लागली. १९५७ मध्ये सातारा लोकसभेची जागा क्रांतिसिंह नाना पाटलांनी जिंकली, आणि कराडमधून स्वतः यशवंतराव थोडक्या मतांनी बचावले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि पहिले मुख्यमंत्री यशवंतरावच झाले. त्यानंतर अनेकांनी फलटणच्या भाषणाचा अर्थ, दिल्लीचा विश्वास टिकवून राज्य मिळवण्याची रीत, असा लावला. दोन्ही अर्थांना आधार आहे. परंतु फलटणचे शब्द मूळ रूपात उपलब्ध आहेत म्हणूनच ही चर्चा करता येते. कोणी ते नंतर सौम्य करून छापले असते तर आपण कशावर वाद घातला असता?

छपाईविषयी काही सूचना करतो. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर प्रसिद्धीचा महिना आणि वर्ष अवश्य द्यावे, केवळ वर्ष पुरत नाही. जुलै १९७८ चेच पाहा. वसंतदादांचे सरकार पडून १८ जुलैला शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा वसंतदादांवरचा लेख त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, यावर त्याचा संपूर्ण रोख अवलंबून असतो. मुद्रणदोष सुधारावेत. मतांचा आकडा किंवा पद चुकले असेल तर मजकुराला हात न लावता तळटीप द्यावी. तळटिपा मात्र वडिलांच्या वतीने खुलासा करणाऱ्या नसाव्यात. 'लेखकाचे मत नंतर बदलले' असे लिहिण्याचा अधिकार, त्यांनी ते कुठे लिहून ठेवले असेल तरच, आपल्याला आहे.

एक अपवाद आहे. एखाद्या लेखात कोणावर पैसे खाल्ल्याचा किंवा तत्सम आरोप असेल आणि त्याला आधार सापडत नसेल, तर तो संपूर्ण लेख वगळावा आणि वगळल्याचे प्रस्तावनेत सांगावे. व्यक्ती हयात नसली तरी धोका संपत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ प्रमाणेच, मृत व्यक्तीच्या निकटवर्तीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली बदनामीही येते. निवृत्त व्हावे, हा सल्ला मात्र टीका आहे, आरोप नव्हे. वडीलधाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा. तरीही त्यांचा आग्रह कायम राहिला, तर सौम्य केलेल्या वाक्यापेक्षा वगळलेला लेख बरा.

प्रश्न : जुन्या राजकीय लेखांतील मतांचे आकडे आणि उमेदवारांची नावे पडताळायची असल्यास कुठे पाहावे? आमच्या गप्पांत प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.
— एक वाचक, मिरज

उत्तर : निवडणूक आयोग १९५१-५२ पासूनच्या प्रत्येक लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल उपलब्ध करून देतो. त्यात मतदारसंघनिहाय उमेदवार, पक्ष आणि मते मिळतात, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येतात. जुने आकडे जुळवताना मतदारसंघांच्या सीमा ध्यानात घ्याव्यात. २००८ च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा मतदारसंघ रद्द झाला, आणि सातारा जिल्ह्यातील माण व फलटण हे विधानसभा मतदारसंघ माढा लोकसभेत गेले. त्यामुळे २००४ चा 'सातारा' आणि २००९ चा 'सातारा' यांची मते सरळ शेजारी मांडता येत नाहीत. सांगली जिल्ह्यासाठी त्याहून जुने काही शोधत असाल, तर १९४९ ते १९६० या काळात त्याचे नाव दक्षिण सातारा होते हे विसरू नये, कारण त्या वर्षांच्या वृत्तपत्रांत 'सांगली जिल्हा' म्हणून शोधल्यास फारसे हाती लागणार नाही.